बाळाचा हात दाखवायला मिरजेला निघण्याआधी

सहा-आठ महिन्यांचं बाळ खुळखुळा कायम एकाच हाताने धरत असेल, दुसऱ्या हाताची मूठ आवळलेली आणि अंगठा आत असेल, तर ‘डावखुरं होणार’ म्हणून थांबू नका. वर्षाच्या आत मूल सहसा हात निवडत नाही. ही सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचाल अधू होण्याची, खूण असू शकते. जत-आटपाडीहून मिरजेला किंवा सांगलीला यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, म्हणून घरूनच तयारीने निघा.

सगळ्यात आधी मोबाइलवर व्हिडिओ काढा. तपासणीच्या खोलीत बाळ रडतं, अंग ताठ करतं आणि रोज दिसतं ते नेमकं तिथे दिसत नाही. खेळताना, रांगताना, खाताना असे छोटे तुकडे पुरेत. भरपूर उजेड हवा, अंगात झबलं नको, दोन्ही हात आणि दोन्ही पाय दिसायला हवेत. पाय मी मुद्दाम सांगते. सेरेब्रल पाल्सी नुसत्या एका हातात असणं विरळा. बहुतेकदा त्याच बाजूचा पायही थोडा ताठ असतो आणि सगळ्यांचं लक्ष हाताकडे असल्याने तो सुटतो. आकडीसारखं काही दिसलं तर तेही टिपा.

पिशवीत माता-बाल कार्ड, प्रसूतीचे कागद, बाळाचं डिस्चार्ज कार्ड. कितव्या महिन्यात जन्मलं, वजन किती, लगेच रडलं का, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, हे लिहूनच न्या. जन्मताना खांदा अडकला होता का, तेही सांगा. पहिल्या दिवसापासून हात लुळा असेल तर मानेजवळच्या नसा ताणल्या गेलेल्या असू शकतात आणि त्यांचे उपचार वेगळे असतात. येत असलेली गोष्ट बाळ विसरू लागलं असेल, तर ते सगळ्यात आधी सांगा. सेरेब्रल पाल्सीत मेंदूची इजा वाढत जात नाही, त्यामुळे तेव्हा दुसरा आजार शोधावा लागतो.

एमआरआयला, म्हणजे मशीनमध्ये मेंदूचा फोटो काढताना, लहान बाळाला बहुधा गुंगी देतात. किती तास उपाशी ठेवायचं ते आदल्या दिवशी विचारा. एमआरआय साफ आला तरी सेरेब्रल पाल्सी नाही असं ठरत नाही. डोळ्यांची तपासणी, स्प्लिंट (हाताला आधार देणारी पट्टी), बोटॉक्सची (ताठ स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनची) गरज, सगळं विचारा. चांगल्या हाताला मोजा घालून अधू हाताला कामाला लावायची पद्धत गुणकारी आहे, पण ती थेरपिस्टने आखून दिल्याप्रमाणेच करायची. मूल मोठं झालं की घरी दोन हातांची कामं द्या: डब्याचं झाकण उघडणं, कणीक मळणं, शेंगा फोडणं. लहानग्याच्या तोंडात अख्खा दाणा मात्र जाऊ देऊ नका, ठसका लागतो.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही मूल दाखवा. तपासणी मोफत असते. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मुलाचं आधार कार्ड आणि फोटो तयार ठेवा. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी आहे, पण बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत कुणाकडेच सोडून येऊ नका.