आर्व्हो पॅर्ट ऐकायचाय? आधी कूलर बंद करा

आमच्या धरमपेठेतल्या एका मित्राला, जो चांगला दहा वर्षं गाणं शिकलाय, मी आर्व्हो पॅर्ट या संगीतकाराचं 'श्पीगेल इम श्पीगेल' लावून दिलं तर दोन मिनिटांनी विचारते, भाऊ हे सुरू कधी होते? तर ही पोस्ट त्याच्यासाठी आणि अशा सगळ्यांसाठी, ज्यांचा कान सरगमचा आहे आणि ज्यांना आजच्या वेस्टर्न क्लासिकलमध्ये कुठून शिरावं कळत नाही.

पहिली गोष्ट वेळेची. मे महिन्यात नागपुरात ४५ डिग्रीत कूलर घरघरत असताना हा माणूस ऐकूच नका, काही हाती लागणार नाही, कारण याच्या संगीतात अर्धं काम शांततेचं आहे. पहाटे साडेपाचला ऐका, नाहीतर सरळ डिसेंबरपर्यंत थांबा. हेडफोन असले तर उत्तम, मोबाईलच्या स्पीकरवर खालचे सूर गायबच होतात.

दुसरं म्हणजे त्याचं आयुष्य थोडं माहीत करून घ्या, नाहीतर हे एवढं सोपं का लिहिलंय असा प्रश्न पडतो. जन्म १९३५ चा, एस्टोनियातला. लहानपणी राकव्हेरे गावात चौकातल्या लाउडस्पीकरवर रेडिओचं संगीत लागायचं आणि हा पोट्टा ते ऐकत चौकात सायकलवर गोल गोल फिरायचा. पुढे रेडिओत साउंड इंजिनियरची नोकरी, पोटापाण्यासाठी सिनेमांना संगीत. एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघात. १९६० मध्ये बारा-सुरी पद्धतीत (म्हणजे सप्तकातल्या बाराही सुरांना सारखाच मान, सा असा कुठलाच नाही) 'नेक्रोलॉग' लिहिलं तर सोव्हिएत अधिकारी नाराज, १९६८ मध्ये 'क्रेडो'त उघड ख्रिस्तावरच्या श्रद्धेचे शब्द घेतले तर मोठाच गोंधळ. त्यानंतर जवळजवळ आठ वर्षं तो एक सिंफनी सोडली तर फारसं काही बाहेर काढत नाही, चर्चमधलं जुनं, सगळ्यांनी मिळून एकच सुरावट गायचं गायन अभ्यासत बसतो, वह्याच्या वह्या भरतो. आपल्याकडे कोणी आठ वर्षं नुसते पलटे घोटले तर त्याला साधना म्हणतात, त्याच्याकडे लोकांना वाटलं संपला हा.

मग १९७६ मध्ये 'फ्यूर आलिना' आलं, दोन पानांचं, पियानोचं. यात त्याची टिंटिनाब्युली पद्धत पहिल्यांदा दिसते, शब्दाचा अर्थ छोट्या घंटा. ही पद्धत वाचून कळत नाही, हार्मोनियमवर कळते, म्हणून दोघं जण बसा. एकानं सा रे ग म प सावकाश वाजवायचं, दुसऱ्यानं फक्त सा ग प हेच सूर वापरायचे आणि पहिल्याच्या सुराच्या लगेच वरचा जो असेल तो दाबायचा. म्हणजे सा ला ग, रे ला पण ग, ग ला प, म ला प, प ला वरचा सा. रे-ग आणि म-प एकत्र वाजतात तेव्हा सूर जरा घासतात, तिथं लक्ष द्या, सगळी गंमत तिथंच आहे. मग कोमल ग घेऊन करून पहा. 'फ्यूर आलिना'त डावा हात असाच पांढरी सातचा सा, कोमल ग आणि प धरून राहतो, फक्त एका ठिकाणी नियम मोडून रे लागतो आणि तिथं त्यानं नोटेशनमध्ये चक्क एक छोटं फूल काढून ठेवलंय.

आता 'श्पीगेल इम श्पीगेल', १९७८ चं, व्हायोलिन आणि पियानो. नावाचा अर्थ आरशात आरसा. हार्मोनियमवर पांढरी चार सा धरा. व्हायोलिनची ओळ अशी: रे ग, म ग, मग सा रे ग, प म ग, मग नि सा रे ग, ध प म ग. झालं! हा पलटाच आहे की, एक सूर खालून वाढतो, तेवढाच वरून, आणि दर वेळी घर म्हणजे ग. माझ्या मित्राला हे लिहून दिलं तेव्हा तो दुसऱ्यांदा शेवटपर्यंत बसला. चूक एकच होते, आपण आलाप वाढेल, मग तान येईल अशी वाट पाहत बसतो, इथं ती येत नाही, प्रत्येक वेळी ग वर परत आल्यावर कसं वाटतंय तेवढंच पाहायचं. (तानपुरा अॅप सोबत लावू नका, मी लावून पाहिलंय, चिखल होते.)

एवढं जमलं की १९७७ चं 'कांटुस' घ्या, ब्रिटन या इंग्रज संगीतकाराच्या आठवणीत लिहिलेलं, तंतुवाद्यं आणि एक घंटा. सूर आसावरी थाटाचे, नुसता अवरोह: सा, सा नि, सा नि ध, असं वाढत खाली. पण पाच थरांत, प्रत्येक थर वरच्याच्या निम्म्या लयीत, म्हणजे दुगुन-चौगुन एकाच वेळी, उलटी. आधी फक्त सगळ्यात वरच्या व्हायोलिनमागे जा, दुसऱ्यांदा ऐकताना फक्त सगळ्यात खालच्या बासमागे. १९८० मध्ये तो देश सोडून व्हिएन्नाला आणि मग बर्लिनला गेला, १९८४ मध्ये 'ताबुला रासा' नावाची रेकॉर्ड निघाली त्यातही हे आहे, तिथूनच तो जगभर पोचला.

'कांटुस'च्या शेवटी सगळे थांबतात आणि घंटेचा नाद उरलेला ऐकू येतो, ती आधीच हळूच वाजवलेली असते, तोपर्यंत कळत नाही. तो विरेपर्यंत हलू नका, आणि ऑटोप्ले आधीच बंद करून ठेवा बे, माझ्याकडे नेमकी तिथंच होम लोनची जाहिरात सुरू झाली होती.