ओकोन्क्वोचे दोष लिहिताना या चुका टाळा

नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही १९५८ सालची कादंबरी इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए., एम.ए. करणाऱ्यांच्या हाती कधी ना कधी पडते. सोबत ठरलेला प्रश्नही येतो: शोकात्म नायक म्हणून ओकोन्क्वोचे स्वभावदोष सांगा. उत्तरही ठरलेलं असतं. तो तापट आहे, हट्टी आहे, हिंसक आहे, दुबळं ठरायची त्याला भीती वाटते, शेवटी तो गळफास घेतो. यातलं काहीच खोटं नाही. तरी एवढ्यावरून हा माणूस कळत नाही, कारण त्याला तोलायचा काटा आपण बाहेरून आणलेला असतो, कधी ॲरिस्टॉटलच्या शोकांतिकेच्या विचारातून, कधी आपल्या आजच्या मतांमधून. ओकोन्क्वोचं गाव उमुओफिया, नायजेरियातल्या इग्बो समाजाचं. तिथल्या माणसांकडे स्वतःचा काटा आहे आणि ती कादंबरीभर ओकोन्क्वोला त्यावर तोलत असतात. तिकडे लक्ष दिलं, तर पुढच्या बहुतेक चुका होणारच नाहीत.

त्याला इग्बो समाजाचा नमुना समजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. 'ओकोन्क्वो बायकोला मारतो, यावरून इग्बो समाजाची क्रूरता दिसते' असं वाक्य उत्तरात आलं की पुढचं सगळं घसरत जातं.

चौथं प्रकरण नीट वाचा. पेरणीआधीचा शांतीचा आठवडा चालू आहे. शेजाऱ्याला कठोर शब्दसुद्धा बोलायचा नाही, असे ते दिवस. धाकटी बायको ओजिउगो वेणी घालून घ्यायला गेली आणि दुपारचं जेवण रांधायला वेळेवर परतली नाही, म्हणून ओकोन्क्वो तिला बडवतो. बाकीच्या बायका आठवड्याची आठवण करून देतात, पण देवीच्या भीतीनेही त्याचा हात थांबत नाही. संध्याकाळ व्हायच्या आत भूदेवी आनीचा पुजारी एझेआनी दारात हजर होतो. चूक बायकोची असली तरी तुझा गुन्हा सुटत नाही, देवी कोपली तर अख्ख्या कुळाचं पीक जाईल, असं तो सुनावतो. दंड ठरतो: एक शेळी, एक कोंबडी, कापड आणि शंभर कवड्या. ओकोन्क्वो तो भरतो, मनातून त्याला पश्चात्तापही होतो. पण चुकलो असं तोंडाने कुणाला सांगणं त्याच्या स्वभावात नाही. लोक म्हणतात, हा कुळाच्या देवांना मानत नाही.

दहाव्या प्रकरणात बायकोला मारझोड करणाऱ्या उझोवुलूचा निवाडा होतो. पूर्वजांचे मुखवटे घालून बसलेले न्यायकर्ते त्याला ताडी घेऊन सासरी जायला आणि बायकोची विनवणी करायला सांगतात. बाईशी लढण्यात शौर्य नाही, असंही बजावतात. त्यानंतर लगेच एक वडीलधारा म्हणतो की एवढ्याशा गोष्टीसाठी पूर्वजांपर्यंत कशाला यायचं, आणि दुसरा सांगतो की त्याशिवाय उझोवुलू कुणाचं ऐकणारच नाही. अचेबे समाज रंगवतात तो असा, मतभेदांसकट. जुळी मुलं रानात टाकून देण्याची रीतही ते लपवत नाहीत. म्हणून उत्तरात 'इग्बो समाज असा होता' हे वाक्य खोडा आणि 'त्याच्याच समाजाने त्याला इथे दोषी ठरवलं' हे लिहा. आपोआपच पुरावा द्यावा लागेल.

इकेमेफुनाचा मृत्यू एका ओळीत उरकणं

'दुबळा ठरू नये म्हणून ओकोन्क्वोने इकेमेफुनाला मारलं.' बहुतेक उत्तरांत एवढंच असतं. माझ्या मते ज्याला हा प्रसंग कळला, त्याला बाकी कादंबरी उलगडत जाते, म्हणून इथे घाई नको.

उमुओफियाच्या एका बाईच्या खुनाची भरपाई म्हणून म्बाइनो गावाकडून आलेला हा मुलगा ओकोन्क्वोच्या घरी तीन वर्षं राहतो. त्याला बाबा म्हणतो, ओकोन्क्वोचा मुलगा न्वोये याचा थोरला भाऊच होऊन जातो. मग कौल येतो की त्याला मारायचं. कौल ओकोन्क्वोचा नाही, कुळाच्या देवाचा आहे. पण गावातला जाणता वृद्ध एझेउदू मुद्दाम येऊन सांगतो: तो मुलगा तुला बाप म्हणतो, त्याच्या मरणाला तुझा हात लावू नकोस. म्हणजे कौल मोडायचा नाही आणि स्वतः सामीलही व्हायचं नाही, असा मार्ग गावाच्या रीतीत आहे आणि तो त्याला आधीच दाखवलेला आहे.

आता रानवाटेवरचा क्रम पाहा. इकेमेफुनाच्या डोक्यावर ताडीचं मडकं आहे. सुरुवातीला ओकोन्क्वो त्याच्या पाठीशी चालतो, मग मागे मागे राहतो. पहिला वार दुसराच माणूस करतो. तो कोयता उचलतो तेव्हा ओकोन्क्वोने तोंड फिरवलेलं असतं. मडकं वाळूत पडून फुटतं, मुलगा 'बाबा' अशी हाक मारत त्याच्याकडेच धावतो, आणि भीतीने बधिर झालेला ओकोन्क्वो कोयता उपसून त्याला तोडतो.

मागे राहणं आणि तोंड फिरवणं हे दोन तपशील उत्तरात हवेतच. त्या वाटेवर चालणारा माणूस निर्दय नाही. त्याला हे करायचं नव्हतं. बरोबरच्या पुरुषांसमोर माया उघडी पडेल, या एका क्षणाच्या धास्तीने त्याच्याकडून ते घडलं. पुढचे दोन दिवस त्याच्या पोटात अन्न जात नाही, तो ताडी पीत बसतो आणि स्वतःलाच बाईसारखा कापतोस म्हणून हिणवतो. मग तो आपला मित्र ओबिएरिका याच्याकडे जातो. ओबिएरिका स्पष्ट सांगतो: कौलाने माझ्या मुलाला मारायला सांगितलं, तर मी वाद घालणार नाही, पण मारणाराही मी नसेन. या कृत्याने धरित्री प्रसन्न होणार नाही, असंही तो म्हणतो. दोष दाखवायचा तर ओबिएरिकाच्या तोंडून दाखवा. त्याच गावातला, त्याच रीतीत वाढलेला, मानाची पदवी मिळवलेला हा माणूस आहे.

'भीती' लिहून थांबणं

भीती कशाची, ते सांगा. बाप उनोका बासरी वाजवायचा, उधारी करायचा, रक्त पाहणं त्याला सहन व्हायचं नाही. तो पोटाला सूज येऊन गेला, तेव्हा धरित्रीला विटाळ म्हणून त्याला दुष्ट रानात टाकलं गेलं. आपण त्याच्यासारखे निघू, हे ओकोन्क्वोचं भय. म्हणून बापाला जे जे आवडायचं ते सगळं तो टाकून देतो, आळसाबरोबर कोमलपणासुद्धा. परिणाम न्वोयेवर होतो. त्याला तो ठोकून 'पुरुष' करायला बघतो, आणि इकेमेफुना गेल्यावर मुलाच्या आत काहीतरी तुटतं. पुढे मिशनऱ्यांचं गाणं ऐकून तो तिकडे वळतो, त्यामागे हीच जखम आहे.

दुसरी बाजू विसरू नका. अकराव्या प्रकरणात पुजारीण चिएलो ओकोन्क्वोची मुलगी एझिन्मा हिला रात्री पाठीवर घेऊन जाते. ओकोन्क्वो लगेच मागे निघत नाही. पुरुषाला शोभेल इतका वेळ जाऊ देतो आणि मग अंधारात गुहेकडे खेपांवर खेपा घालतो. माया आहे, पण तिलाही आधी परवानगी घ्यावी लागते.

प्रत्येक संकट त्याच्या दोषाच्या खाती टाकणं

एझेउदूच्या अंत्यविधीत ओकोन्क्वोची बंदूक फुटते आणि मृताचा सोळा वर्षांचा मुलगा मरतो. हा अपघात आहे. कुळाचा कायदाही हेतुपूर्वक केलेल्या आणि नकळत झालेल्या हत्येत फरक करतो, म्हणून कायमची हकालपट्टी न होता त्याला आईच्या गावी, म्बांताला, सात वर्षांचा वनवास मिळतो. आधीच्या एका वर्षी दुष्काळ आणि मग मुसळधार पाऊस पडून याम, म्हणजे तिथलं मुख्य कंदपीक, पिकला नाही, तोही त्याचा दोष नव्हता. उलट त्यात तो टिकून राहिला.

त्याच्या 'चि'चा, म्हणजे ज्याच्या-त्याच्या वैयक्तिक दैवताचा, प्रश्न इथे येतो. माणूस हो म्हणाला की चि पण हो म्हणतो, अशी तिथली म्हण; वनवासात ओकोन्क्वोला ती खोटी वाटू लागते. त्याचं पतन किती त्याच्या हातचं आणि किती दैवाचं, हा वाद कादंबरीने मिटवलेला नाही. तुम्हीही जबरदस्तीने मिटवू नका.

शेवट घाईने गुंडाळणं

'अहंकारामुळे त्याने आत्महत्या केली' किंवा 'इंग्रजांनी त्याला मारलं', दोन्ही अपुरं आहे. सात वर्षांनी तो परततो तेव्हा चर्च, न्यायालय, व्यापारी दुकान आलेलं असतं. गावाच्या सहा पुढाऱ्यांना फसवून अटक केली जाते, त्यांचे केस भादरले जातात, दंड उकळला जातो. मग सभेत तो न्यायालयाच्या जासुदाचं, म्हणजे निरोप आणणाऱ्या शिपायाचं, मुंडकं उडवतो. बाकीचे जासूद निसटतात आणि गर्दीतून आवाज येतो, त्याने असं का केलं? लढाई होणार नाही, हे त्याला तिथे कळतं. तो आपल्या मनातल्या उमुओफियासाठी लढला, ते आता समोर नव्हतं. हा त्याचा दोष म्हणावा की निष्ठा, यावर दोन ओळी जरूर लिहा.

नावांचे गोंधळ टाळा. बजावणारा वृद्ध एझेउदू, दंड करणारा पुजारी एझेआनी, म्बांताचा मामा उचेंदू. सात वर्षांचा वनवास बंदुकीच्या अपघातासाठी आहे, इकेमेफुनासाठी नाही. पंचवीस प्रकरणं पुन्हा वाचायला वेळ नसेल तर ४, ७, ८, १३, १४, २४ आणि २५ वाचा. चौदाव्यात उचेंदू त्याला विचारतो की मूल बापाचं असतं, तरी 'न्नेका', म्हणजे 'आई सर्वश्रेष्ठ', हे नाव आपण इतक्या मुलांना का ठेवतो. ओकोन्क्वोकडे त्याचं उत्तर नसतं.