आंबा पिकतो तेव्हा शाळेला कुलूप असतं

शाळेत फळझाडं लावायची म्हटलं की गावात पहिलं नाव निघतं आंब्याचं. आम्हीही पाच केशर लावले. दोन जगले, पाचव्या वर्षी फळं धरली आणि पिकली मे महिन्यात. पोरं मामाच्या गावाला, शाळेला कुलूप. जूनमध्ये झाडाखाली कोयी सापडल्या.

म्हणून आधी कॅलेंडर काढा. शाळा उघडताना जांभूळ, दिवाळीच्या आगेमागे सीताफळ, थंडीत पेरू नि आवळा, संक्रांतीला बोर. चिंचेला फार वर्षं थांबावं लागतं, तरी एक लावाच. मी बालाघाटच्या डोंगरातला मास्तर, त्यामुळे सीताफळाकडे ओढा जास्त. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मला ते आवडतं ते शेळी तोंड लावत नाही म्हणून. कडेने सीताफळ लावा, पेरू आत. कबड्डीचं मैदान मात्र सोडा, नाहीतर पोरंच झाडं मोडतील.

ग्रामपंचायतीचा ठराव, शाळा व्यवस्थापन समितीची सही आधी घ्या. खड्डे एप्रिलमध्येच, दोन फूट लांब-रुंद-खोल. महिनाभर ऊन खाऊ द्या. भरताना वरची माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड. सीताफळात १५ फूट, पेरूत २० आणि जांभळात ३० फूट अंतर ठेवा. पहिले दोन चांगले पाऊस झाले की लागवड.

पाण्याचं म्हणाल तर खिचडीनंतर हात-ताटं धुतलेलं पाणी चर काढून पेरूकडे वळवा. तोंडाशी जाळी लावा, शितं साचली की घुशी येतात. अवघड असतो तो मे महिना. प्रत्येक रोपापासून हातभर अंतरावर मडकं पुरा, तळाच्या भोकात सुती चिंधीची वात घाला, आठवड्यातून दोनदा भरा. भरणार कोण? आम्ही शेजारच्या घरांना झाडं वाटून दिली. शाळेमागच्या मावशींनी लगेच विचारलं, "पाणी आम्ही घालायचं आन् फळं पोरांची व्हय?" बरोबरच होतं त्यांचं. मग ठरलं, पाच फळांमागे एक त्या घराचं.

सीताफळाचे डोळे उघडून भेगांत पिवळसर झाक आली की देठासकट तोडा आणि पेंढ्यात ठेवा. तीन-चार दिवसांत पिकतं. दाबून बघायचं काम एकाच पोराकडे द्या, नाहीतर सगळी काळी पडतात. बिया फोडू देऊ नका, पूड डोळ्यात गेली की डोळा सुजतो.

कलमाच्या सांध्याखालून फूट आली तर तिथल्या तिथे खुडा. आमच्या एका बोरावर अशीच फूट जोमात वाढली, पोरं खूश, मीही खूश. दोन वर्षांनी कळलं, वरचं कलम मेलंय आणि वाढलाय तो खालचा गावरान खुंट. बोरं आली वाटाण्याएवढी, आंबट. सगळ्यात जास्त दगड आजही त्याच झाडाला बसतात.