रात्रपाळीचा ओव्हर: वाट पाहण्याच्या दिवसांत देवाजवळ विसावा कसा घ्यावा

मिरजेत मी ३४ वर्षं नर्स होते. त्यातली निम्मी तरी रात्रपाळीत गेली असतील. आता रिटायर आहे आणि आठवड्यातून तीनदा माझ्या मुलाबरोबर डायलिसिसला जाते. दर वेळी चार तास. मेंदू मृत झालेल्या कुणाची तरी किडनी मिळावी म्हणून पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण केंद्राच्या यादीत त्याचं नाव लागून तीन वर्षं झाली. माझी द्यायला मी तयार होते, पण मला शुगर आहे म्हणून डॉक्टरांनी नको सांगितलं. त्याचा रक्तगट ओ. ओ गटाची किडनी इतरांनाही चालू शकते, पण ओवाल्याला ओचीच लागते. त्यामुळे या गटाची रांग लांब.

मागच्या महिन्यात महिला मंडळात एकीने विचारलं, "मावशी, तुम्हाला झोप तरी कशी लागते?" पहिलं दीड वर्ष लागत नव्हती. आता बहुतेक रात्री लागते. कशी, ते सांगते.

हॉस्पिटलात ड्यूटी संपवणारी नर्स पुढच्या नर्सला ओव्हर देते. नुसतं "सगळं ठीक आहे" म्हणून निघायचं नसतं. एकेका खाटेपाशी उभं राहून सांगायचं: या आजींचं सलाईन दोनला लावलंय, अजून दोनशे बाकी आहे. कोपऱ्यातल्या काकांना लघवी कमी होतेय, डॉक्टरांना कळवलंय. सहा नंबरचा रिपोर्ट यायचाय. मग वहीत सही करायची आणि घरी जायचं. पेशंट बरे झालेले नसतात, सहा नंबरचा रिपोर्टही आलेला नसतो. तरी जायचं, कारण पुढची बाई ड्यूटीवर आलेली असते. मी नवीन असताना घरी गेल्यावर वॉर्डात फोन करून विचारायचे, त्या काकांचं काय झालं म्हणून. तिसऱ्या फोनला आमच्या सिस्टर इन्चार्ज म्हणाल्या, "ओव्हर दिलास ना? मग आता वॉर्ड माझा. झोप."

बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं १२१वं स्तोत्र मला लहानपणापासून पाठ आहे. इस्राएलाचा राखणदार डुलकी घेत नाही आणि झोपतही नाही, असं त्यात आहे. पण त्याचा माझ्याशी काय संबंध, हे वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. त्याची कायमची रात्रपाळी आहे आणि मी रोज रात्री ओव्हर न देताच अंथरुणावर पडत होते.

तर रात्री दहाला, टीव्ही बंद झाल्यावर, मी स्वयंपाकघरात वही घेऊन बसते. साधी दोनशे पानी वही. त्यात आज काय झालं, काय राहिलं आणि कशाची भीती वाटतेय, एवढंच लिहायचं. नंतर तेच हलक्या आवाजात प्रभूला वाचून दाखवायचं. परवाची नोंद अशी: "वजन ६१.४ होतं, पाणी काढून ५९ वर आणलं. शेवटच्या तासात पायात गोळे आले. हिमोग्लोबिन ८.९, इंजेक्शन उद्या. पुण्याहून फोन नाही. घरी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही, त्याची भीती वाटते." खाली तारीख आणि सही. सही करायचीच. लिहिलेलं सोडून उठता येतं ते सहीमुळे, निदान माझं तरी तसं आहे. वही उशाशी ठेवायची नाही. माझी डब्यांच्या फळीवर असते.

एक पथ्य पाळायचं. ओव्हर देताना पुढच्या नर्सने काम कसं करावं हे आपण तिला शिकवत नाही. माझ्या पूर्वीच्या प्रार्थना म्हणजे देवाला दिलेल्या सूचना होत्या. अमुक डॉक्टरांच्या मनात घाल, यादीत वर आण, ईस्टरच्या आत कर. त्या प्रार्थना करून मी जास्तच थकायचे.

आणि खोटा ओव्हर द्यायचा नाही. पेशंट खाटेवरून पडला आणि नर्सने ते लपवलं, तर त्यासारखी वाईट गोष्ट नाही. आमच्याकडे काही जणांना वाटतं, कुरकुर केली म्हणजे विश्वास कमी पडला. मला ते पटत नाही. तेराव्या स्तोत्रात दाविद देवाला "कधीपर्यंत" हे एकदा नाही, चार वेळा विचारतो. तेही पहिल्या दोनच ओव्यांत. मीही विचारते. वहीत काही रात्री तेवढंच आहे.

काय मागावं, हा प्रश्न मात्र मला फार जड गेला. त्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून सांगते. एका सकाळी पेपरात पुणे-बेंगळुरू हायवेवरच्या अपघाताची बातमी होती. मोटारसायकलवरचा पोरगा, डोक्याला मार, प्रकृती गंभीर. माझ्या मनात पहिला विचार आला तो त्याच्या रक्तगटाचा. हातातला चहा तसाच राहिला. किडनी मिळू दे म्हणजे कुणाचा तरी मुलगा जाऊ दे, हे मला तीन वर्षं माहीत होतं, पण त्या दिवशी ते तोंडासमोर आलं. मी पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी शास्त्रार्थ सांगितला नाही, ते बराच वेळ गप्प बसले. शेवटी म्हणाले, "बाई, त्या घरासाठी प्रार्थना करा. जे घर अजून ठाऊक नाही, त्याच्यासाठी." तेव्हापासून ओव्हरमध्ये शेवटची खाट त्या घराची असते. त्यांना आज सुखाची झोप लागो, त्यांचं पोर हेल्मेट घालो. किडनीचं नाव मी काढत नाही. प्रभूला माहीत आहे.

पहाटे तीनला जाग येतेच. रात्रपाळी केलेल्या कुणालाही विचारा, तीन ते चार हा तास सगळ्यात वाईट. १३०व्या स्तोत्रात पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्याचा दाखला लागोपाठ दोनदा दिलाय. लिहिणाऱ्याने नक्की कधीतरी नाईट केली असणार. मी वॉर्डात दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायचे, म्हणून काही सूर्य लवकर उगवला नाही. तेव्हा जाग आली तर मोबाईल हातात घ्यायचा नाही, किडनीबद्दल काही शोधायचं नाही आणि नवीन प्रार्थनाही सुरू करायची नाही. "ओव्हर दिलाय" एवढं म्हणायचं. जंक्शनवर एखादी गाडी शंटिंग करत असते, ती ऐकत पडायचं. झोप नाही लागली तर नाही लागली. पडून राहणं हाही विसावाच आहे.

दिवसाही एक गोष्ट करते. मुलाच्या डाव्या हाताला डायलिसिससाठी केलेला फिस्टुला आहे, म्हणजे शीर आणि धमनी जोडलेली. तो चालू आहे का, हे रोज सकाळी बोट ठेवून बघायचं असतं. आत थरथर लागते. आमचं घर सतारमेकर गल्लीपासून लांब नाही. तिथे लहानपणी एका कारागिराने मला तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हात ठेवायला दिला होता आणि तारा छेडल्या होत्या. अगदी तशी थरथर. ती लागली की मी "आज चालू आहे, प्रभू, थँक्यू" म्हणते. पुढच्या वर्षाचं मला बघता येत नाही, आजची थरथर बोटाला लागते. तुमच्याकडे फिस्टुला नसेल, पण रोज हात लावून बघता येईल असं काहीतरी असेलच. नोकरीची वाट बघणाऱ्या पोराने आज सोडवलेला एक पेपर, मूल होण्याची वाट बघणाऱ्या बाईच्या हातावर नवऱ्याचा हात. मोठं काही शोधू नका.

१३१व्या स्तोत्रात आईच्या मांडीवरच्या, दूध तोडलेल्या मुलाचा दाखला आहे. दूध पिणारं मूल मांडीवर घेतलं की लगेच पदराशी झटतं. दूध तोडलेलं नुसतं टेकून बसतं, त्याला आईच हवी असते. पण दूध तोडताना ते किती रडतं, हे आयांना विचारा. मलाही दीड वर्ष लागलं, हे आधी सांगितलंच.

लोकांचं काय करायचं? "देवाची वेळ ठरलेली असते" म्हणणाऱ्यांना चहा द्या आणि विषय बदला. शहाळं घेऊन येणाऱ्यांचं शहाळं तुम्ही प्या. डायलिसिसच्या पेशंटला ते चालत नाही, त्यात पोटॅशियम फार. आणि विश्वास ठेवा, मशीन बंद करा, असं सांगणारा कुणी आला तर त्याला दारातूनच वाटेला लावा. आमच्याकडे एक आला होता. डायलिसिस चुकवलं तर पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. देवाजवळ विसावा घेणं म्हणजे ड्यूटी सोडून पळणं नव्हे. मिरजेत मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ साली दवाखाना उघडला, तो प्रार्थना आणि औषध दोन्ही हातात धरून. आम्ही त्याच गावचे.

ना. वा. टिळकांची भजनं आम्ही रविवारी देवळात म्हणतो. चर्चला आम्ही जुनी माणसं देऊळच म्हणतो. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९००मध्ये. मधली बरीच वर्षं त्या नातलगांकडे होत्या. त्या काळात टिळकांना झोप लागायची का, हे मला त्यांना विचारायचंय.

फोन एकदा आला. गेल्या पावसाळ्यात, रात्री पावणेबाराला. ताबडतोब निघा, पण तुम्ही स्टँडबाय आहात, आधीच्या पेशंटचं जुळलं नाही तर तुमचं. भाच्याने गाडी काढली. कराड, सातारा, खंबाटकीचा घाट, सगळीकडे पाऊस. पहाटे पोचलो, रक्त दिलं, बाकड्यावर बसलो. नऊ वाजता सांगितलं, पहिल्याचं जुळलं.

येताना साताऱ्याजवळ चहाला थांबलो. मुलाने बशीत ओतून दोन घोट घेतले, पाणी मोजून प्यायचं असतं ना. म्हणाला, "आई, त्या माणसाचं नाव काय असेल गं?" मला माहीत नव्हतं. मग तो गाडीत काचेला डोकं टेकून कराड येईपर्यंत झोपला.

वही घरी फळीवर होती, म्हणून त्या दिवशीचा ओव्हर मी चहाच्या बिलाच्या मागे लिहिला. दोनच खाटा होत्या. एक त्या माणसाची, पहिलीच रात्र, युरिनवर लक्ष असावं. दुसरी त्या घराची, जिथे त्या रात्री कुणीच झोपलं नसेल. सही केली आणि बिल बटव्यात ठेवलं.