पोकलेनचा सेल्फ फिरत नसेल, तर मीटर कुठे लावावा

चावी फिरवल्यावर सेल्फमधून (म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या स्टार्टर मोटरमधून) नुसता ‘टक्’ असा आवाज येतो आणि इंजिन फिरत नाही, तेव्हा बहुतेक साइटवर आधी बॅटरी बदलली जाते आणि तरीही काम झाले नाही तर सेल्फ उतरवला जातो. बिघाड मात्र पुष्कळदा गंजलेल्या लगमध्ये (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीत) किंवा सैल अर्थिंगमध्ये (बॅटरीचे निगेटिव्ह टोक यंत्राच्या बॉडीला जोडणाऱ्या केबलमध्ये) असतो आणि साध्या मल्टिमीटरने तो एकही भाग न उघडता सापडतो.

तपासणीपूर्वी बकेट जमिनीवर टेकवावे, सेफ्टी लिव्हर लॉक करावा आणि हातातील अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून तिथे विडी किंवा ठिणगी नको. सेल्फच्या बोल्टांवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून इंजिन सुरू करण्याची सवय तर पूर्णपणे सोडावी, कारण त्यात सुरक्षेची सर्व स्विचे वगळली जातात आणि यंत्र अचानक हलू शकते.

पोकलेनमध्ये सहसा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट मिळवलेले असतात, त्यामुळे यंत्र काही तास बंद राहिल्यानंतर प्रत्येक बॅटरी स्वतंत्रपणे मोजावी. १२.६ व्होल्टच्या आसपास ती पूर्ण चार्ज असते, तर १२.२ ला साधारण निम्मी. एक बॅटरी भरलेली आणि दुसरी उतरलेली आढळली, तर केबिनमधील पंखा किंवा टेप एकाच बॅटरीवरून जोडलेला आहे का, ते पाहावे. अशी जोडणी दोन्ही बॅटऱ्यांचे आयुष्य कमी करते.

आता मुख्य चाचणी. सहकाऱ्याला चावी फिरवायला सांगावी, मात्र एका वेळी दहा सेकंदांहून जास्त नाही, आणि त्या वेळी दोन्ही बॅटऱ्यांचे एकत्रित व्होल्टेज पाहावे. ते १९ च्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी कमकुवत आहे किंवा सेल्फ अथवा इंजिन जाम होऊन जास्त करंट ओढत आहे. व्होल्टेज २४ च्या जवळ टिकूनही सेल्फ फिरत नसेल, तर करंट वाटेतच अडतो आहे किंवा सेल्फ आतून तुटलेला आहे.

ती वाट शोधण्यासाठी मीटरची लाल पिन, ज्या बॅटरीवरून सेल्फकडे केबल जाते तिच्या पॉझिटिव्ह खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर, आणि काळी पिन सेल्फवर बॅटरीची केबल येते त्या बोल्टवर धरून चावी फिरवावी. वाचन अर्ध्या व्होल्टच्या आसपास असावे. एक व्होल्टहून जास्त आले, तर त्या केबलमध्ये किंवा जोडांमध्ये अडथळा आहे. नंतर हीच चाचणी सेल्फची बॉडी आणि अर्थिंगला जोडलेल्या बॅटरीचा निगेटिव्ह खांब यांच्यात करावी. चिखल, पावसाचे पाणी आणि सततची कंपने यांमुळे अर्थिंगचा जोड लवकर खराब होतो, म्हणून ही दुसरी चाचणी कधीही टाळू नये. बॅटरीचा कट-ऑफ स्विचही याच वाटेवर असेल, तर त्याच्या दोन्ही टोकांमध्ये पिना लावून तो तपासावा. दोन्ही केबल ठीक असतील, तर सोलेनॉइडच्या (सेल्फवरील, चावी फिरवल्यावर मोठा करंट जोडणाऱ्या चुंबकीय स्विचच्या) दोन मोठ्या बोल्टांमध्ये मोजावे. ‘टक्’ झाल्यावरही तिथे पूर्ण व्होल्टेज दिसत असेल, तर आतील कॉन्टॅक्ट जळलेले आहेत.

अनेकजण केबल काढून तिचे ओहम मोजतात आणि ती चांगली ठरवतात. मीटर अत्यंत कमी करंट सोडतो, त्यामुळे दोनच तारा शिल्लक असलेली केबलही शून्याजवळचे वाचन देते, पण सेल्फला लागणारे शेकडो अँपिअर ती वाहून नेऊ शकत नाही. म्हणूनच लोडखाली, म्हणजे चावी फिरवून करंट वाहत असताना, मोजणे आवश्यक आहे.

‘टक्’ आवाजही येत नसेल, तर सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलवर चावी फिरवताना व्होल्टेज येते का, ते पाहावे. येत नसेल, तर फ्यूज, स्टार्ट रिले आणि सेफ्टी लिव्हरचा स्विच तपासावा; अनेक पोकलेन हा लिव्हर लॉक असल्याशिवाय सुरू होत नाहीत. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहून भागत नाही, त्याच्या दोन्ही टोकांवर व्होल्टेज मोजावे, आणि तो वारंवार उडत असेल तर तार गुंडाळण्याऐवजी बूमजवळ घासलेली वायर शोधावी.

जोड साफ करून घट्ट केल्यावर तीच मोजमापे पुन्हा घ्यावीत. मग इंजिन सुरू असताना बॅटऱ्यांवर साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट दिसतात का, ते पाहावे. त्याहून कमी दिसल्यास अल्टरनेटर, त्याचा बेल्ट आणि त्याची केबल याच पद्धतीने तपासावी.