बेटांच्या पॉलिमर नोटा जमवण्याआधी

छोट्या बेटांच्या पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकच्या, नोटा जमवायला घेताना सर्वप्रथम त्या बेटावर प्रत्यक्षात कोणते चलन चालते, याची चौकशी करावी. गालापागोस बेटांवर अमेरिकी डॉलर चालतो आणि ईस्टर बेटावर चिलीचा पेसो. तरीही या दोन्ही बेटांच्या नावाने खासगीरीत्या छापलेल्या गुळगुळीत, रंगीबेरंगी ‘नोटा’ सर्रास विक्रीला असतात. चित्र म्हणून आवडल्या तर त्या जरूर घ्याव्यात, मात्र चलनाच्या अल्बममध्ये लावू नयेत. कुक बेटांचे प्रकरण वेगळे आहे. तिथे न्यूझीलंडचा डॉलर चालत असला, तरी शार्कवर बसलेल्या इनाचे (तिथल्या दंतकथेतली स्त्री) चित्र असलेली, २०२१ मधली तीन डॉलरची पॉलिमर नोट अस्सल आहे, त्यामुळे केवळ ‘तीन’ हा आकडा पाहून तिला हसू नये.

आइल ऑफ मॅनची १९८३ ची एक पौंडाची नोट हवी असेल, तर तिच्यात पारदर्शक खिडकी, म्हणजे आरपार दिसणारा भाग, शोधू नये. ती प्लास्टिकच्या तंतूंपासून केलेल्या, कागदासारख्याच दिसणाऱ्या तावावर छापलेली आहे. खिडकीची पद्धत ऑस्ट्रेलियाच्या १९८८ च्या दहा डॉलरच्या नोटेपासून रूढ झाली. मॉरिशसच्या २५, ५० आणि ५०० रुपयांच्या नोटा २०१३ पासून पॉलिमरवर आल्या, पण त्याच किमतींच्या जुन्या कागदी नोटाही बाजारात असल्यामुळे पैसे देण्याआधी नोट उजेडासमोर धरल्याचा फोटो मागून घ्यावा.

नोटा ठेवायची पाकिटे पॉलिएस्टरची आणावीत, पीव्हीसीची स्वस्त असली तरी नकोत. नोट घडी न घातलेलीच घ्यावी, हे मी ठासून सांगतो. मालदीवची दहा रुफियाची नोट माझ्याकडे कुणाच्या तरी पाकिटातून चौघडी होऊन आली. महिनाभर जाड शब्दकोशाखाली ठेवूनही ती टेबलावर टेकवताच मधोमध हळूच उठते, आणि घडीच्या रेषेवर शाईचा बारीक पांढरा चरा दिसतो. इस्त्रीचा मोह तर अजिबात नको, कारण उष्णतेने पॉलिमर आक्रसते.

एक वहीही हाताशी असावी. नोट पाकिटात सरकवण्यापूर्वीच अनुक्रमांक, छापील वर्ष, दिलेली किंमत आणि ती कोणाकडून घेतली, एवढे त्या वहीत टिपून ठेवावे.