लाकडावर फोटो कोरायचाय? आधी फाइल नीट करा

लेझर मशीनवर फोटो काळा पडला की सगळे पॉवर कमी करतात. बहुतेक वेळा दोष फाइलचा असतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली फाइल वापरू नका, मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. दाबलेल्या फोटोत गालावर बारीक चौकोन पडतात. शार्प केले की ते उठून दिसतात.

मग माप. लेझर फोटो रेघारेघांनी कोरतो. दोन रेघांत ०.१ मिमी अंतर म्हणजे २५४ डीपीआय (एका इंचात २५४ ठिपके). १५० × १०० मिमीच्या पाटीला साधारण १५०० × १००० पिक्सेल लागतात. रेघा लेझरच्या ठिपक्याहून जवळ आणल्या तर एकमेकींवर चढतात आणि लाकूड नुसतं करपतं.

पार्श्वभूमी पुसून पांढरी करा. काळे केस काळ्या पडद्यात बुडाले असतील तर हे टाळूच नका.

ब्लॅक अँड व्हाइट करताना फक्त लाल चॅनेल (फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी लाल) घेतला तर त्वचा छान उजळते, डाग जातात, पण कपाळावरचं कुंकूही जातं! लग्नाच्या फोटोत हे चालणार नाही. गिम्प या फोटो सुधारायच्या मोफत सॉफ्टवेअरच्या चॅनेल मिक्सरमध्ये लाल ४०, हिरवा ५०, निळा १० टक्क्यांपासून सुरुवात करा. कुंकू गडद उतरतं.

लाकडावर ठिपका जळताना पसरतो, म्हणून मधल्या छटा उजळ हव्यात. गिम्पच्या लेव्हल्समध्ये गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) १.२ ते १.४ ठेवा. मात्र गाल, कपाळ पूर्ण पांढरं होऊ देऊ नका, २२०-२३० च्या आसपास थांबा (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा). नाहीतर तिथे ठिपकेच पडत नाहीत आणि चेहऱ्याला भोक पडल्यासारखं दिसतं. नंतर अनशार्प मास्क (कडा ठळक करणारं फिल्टर), रेडियस १ ते २ पिक्सेल. पापण्यांभोवती पांढरी कड दिसेपर्यंत अमाउंट वाढवा. स्क्रीनवर भडक वाटेल, वाटू द्या.

डिदरिंग, म्हणजे राखाडी छटांचे काळे-पांढरे ठिपके करणं, सगळ्यात शेवटी. लेझर चालवणाऱ्या लाइटबर्न सॉफ्टवेअरमध्ये जार्विस किंवा स्टकी ही डिदरिंगची पद्धत निवडली की झालं. गिम्पमध्येच डिदर केलं असेल तर पीएनजी करा, जेपीईजी नको. लाइटबर्नमध्ये पास-थ्रू (फाइल जशीच्या तशी कोरण्याचा पर्याय) लावा आणि माप अजिबात बदलू नका. बदललं की ठिपक्यांच्या लाटा उठतात.

स्लेट, अ‍ॅनोडाइज्ड (रंगीत थर दिलेलं) अ‍ॅल्युमिनियम आणि कास्ट (साच्यात ओतून केलेल्या) अ‍ॅक्रिलिकवर लेझरची खूण पांढरी उमटते, त्यामुळे तिथे फोटो निगेटिव्ह करावा लागतो. अ‍ॅक्रिलिक मागून कोरणार असाल तर आरशासारखा उलटाही.

पूर्ण फोटो लावण्याआधी डोळा, गाल आणि थोडे केस येतील असा २५ मिमीचा तुकडा त्याच लाकडावर काढून बघा. आडव्या पांढऱ्या पट्ट्या दिसल्या तर रेघांतलं अंतर जास्त आहे. केसांचा नुसता काळा गोळा झाला तर गॅमा वाढवा, तरी फरक पडला नाही तर मग पॉवर कमी करा. पाइनचे गडद पट्टे मात्र कशानेच जाणार नाहीत. चेहऱ्यासाठी बर्च प्लाय घ्या.